सिहोऱ्याचं अंगण

भर आषाढात भंडाऱ्याकडे कुणी फिरायला जातं का, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, तलावांचा हा जिल्हा पाहायचा तर पावसातच! तुमसरहून बपेऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या आणि चिखलात ओणव्या होऊन रोवणी करणाऱ्या बायका. मग सिहोरा गाव येतं. चांदपूरचा तलाव जवळच. टेकडीवरच्या मारुतीचं दर्शन घेऊन खाली पाहिलं की डोळे निवतात.

पण तुम्हाला सांगायचंय ते आमच्या नणंदबाईंच्या अंगणाबद्दल.

समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि अंगणापेक्षा वीतभर उंच झाला. तुमच्याकडेही हेच असेल. दर खेपेला रस्ता चढतो, अंगण तिथंच राहतं. मग पावसाचं पाणी बाहेर जायच्याऐवजी आत! तुळशीभोवती तळं, भिंतींना ओल, त्यातच न्हाणीचं पाणी मिसळायचं. नुसत्या वासाचं दुखणं असतं तर चाललं असतं. पण हा जिल्हा हत्तीरोगाचा. तो पसरवणारा क्युलेक्स जातीचा डास अशाच घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. नणंदबाईंच्या सासूबाईंचा डावा पाय कित्येक वर्षं सुजलेला आहे. तो आता पूर्वीसारखा व्हायचा नाही, पण नातवंडांचं काय? सरकारी गोळ्या घ्यायच्याच, पण अंगणात डास पाळून कसं चालेल?

यजमानांनी ऐकीव माहितीवर मोठा शोषखड्डा खणला आणि अंगणाचं सगळं पाणी त्यात सोडलं. दोन जोरदार पावसांत तो काठोकाठ भरला. हिशेब करून पाहा ना. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण २३०० लिटर पाणी खाली येतं. धानाची चिकण जमीन ते पिणार कशी? पाणी धरून ठेवते म्हणून तर तिथं धान होतं!

शेवटी ओसरीवर बसलेल्या सासूबाईच म्हणाल्या, “पयले पानी कोनीकडून येते थे पाहा, मंग कुदळ धरा.” उभा जन्म बांधीतलं पाणी अडवण्यात नि सोडण्यात गेलेली बाई ती!

मग पुढच्या सरीत नणंदबाई छत्री घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, तिथं तिथं खुंट्या ठोकल्या. उघडीप झाल्यावर गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून चढउतार मोजला. परसातली नाली अंगणापेक्षा चांगली खाली निघाली. सोपं होतं सगळं, बघितलंच नव्हतं कुणी.

भिंतीलगत मुरूम टाकून, चोपून उतार दिला, दहा फुटांत सहा इंच. (जोत्याच्या वर मात्र भर चढवू नका हं, ओल आत शिरते.) फाटकाशी छोटा उंचवटा केला, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येत नाही. कडेनं पसरट, उथळ पाट काढला तो थेट नालीपर्यंत. खोल चर काढला असता तर कडा ढासळल्या असत्या आणि मुलं पडली असती ती वेगळीच. छपराचं पाणीही पन्हाळीतून पाटातच सोडलं.

सांडपाण्याची वाट वेगळी हवी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले, हे तुम्ही वाचलं असेल. पण तो उपाय घरातल्या सांडपाण्यासाठी, पावसाच्या लोंढ्यासाठी नव्हे. आणि खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब हवा. खणण्यापूर्वी फूटभर खळगा करून पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशीही ते तसंच दिसलं, तर खड्ड्याचा नाद सोडा. नणंदबाईंनी तेच केलं. स्वयंपाकघराचं पाणी केळीला आणि धोप्याला, म्हणजे आपल्या अळूला, आळीपाळीनं देतात. न्हाणीचं पाणी झाकलेल्या नळातून नालीत जातं.

एक अडचण होती. पाटाचं तोंड शेजारच्या भिंतीजवळून जात होतं. भांडण तिथंच सुरू होतं, बरं का. कामाच्या आधी नणंदबाई धोप्याच्या वड्या घेऊन शेजारी गेल्या आणि नालीपर्यंत दोन हात सिमेंटचा नळ आपल्या खर्चानं टाकून दिला.

मी होते त्या रात्री पाऊस कोसळला. सकाळी तुळशीपाशी नुसता ओला मुरूम! सासूबाई पाय उशीवर ठेवून ओसरीत चहा पीत होत्या, आणि कुंपणापलीकडून शेजारीण विचारत होती, “ती नळी किती दिवस ठेवाल हो? आमचंही मोजून घेते.”