मंद्राचा भार

नोएडातील एका सदनिकेच्या बाल्कनीत एक मराठी गृहस्थ सुटीच्या दिवशी वाद्य घडवीत बसतात. जातीने ते बास गिटार आहे. वाद्यवृंदात तळाचा स्वर धरून ठेवण्याचे काम ज्याच्याकडे असते, ते वाद्य. पण त्याची लांबी दीड हाताहून अधिक नाही, आणि त्याला माथा नाही. गिटारच्या दांडीच्या टोकाशी खुंट्यांचा जो रुंद भाग असतो, तोच येथे गाळलेला आहे. शेजारची मुले त्याला खेळणे समजतात.

लहान आकाराची ही ओढ केवळ हौसेतून आलेली नाही. त्यांच्या वडिलांचा मिरजेचा पाच फुटी तंबोरा दिल्लीतील सरकारी निवासस्थानाच्या कोपऱ्यात तीन दशके उभा होता. वडील गेल्यावर, दोन खोल्यांच्या या घरात येताना, तो एका संगीतशिक्षकाच्या हवाली करावा लागला. निर्णय व्यवहाराला धरून होता. त्याला कोणी दोष दिला नाही. तरी पहाटे घरात घुमणारा पितळी तारेचा खर्ज थांबला आणि ती जागा रिकामी राहिली. गृहस्थ स्वतः कधी गायले नाहीत. महाविद्यालयात असताना मात्र ते बास वाजवीत. घरात पुन्हा खालचा स्वर यावा, पण तो कपाटात मावावा, एवढीच त्यांची अपेक्षा.

ही अपेक्षा दिसते तितकी साधी नाही. विस्तार हा मंद्र स्वराचा अलंकार नव्हे, ती त्याची पूर्वअट आहे. सर्वसाधारण बासची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत ३४ इंच असते, आणि तिच्यातील सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. पुरुषी तंबोऱ्याचा खर्जही इतका खाली जात नाही. हीच तार निम्मी केली की स्वर एक सप्तक वर चढतो. त्याला पुन्हा खाली आणायचे तर ताण चौथाईवर आणावा, मग तार लोंबू लागते. किंवा वजन चौपट करावे, मग ती तार न राहता सळई होते. या पेचातून एक वाट १९८६ मध्ये निघाली. त्या वर्षी बाजारात आलेल्या ॲशबोरी नावाच्या बासची तार अवघी १८ इंच होती, आणि ती धातूची नसून सिलिकॉन रबराची होती.

रबराकडे वळण्याचे गृहस्थांच्या मनाला रुचले नाही. त्यांनी २० इंचांची तार धरली आणि पाच तारांच्या बाससाठी असलेल्या सर्वांत जाड तारेपासून आरंभ केला. आखूड झालेली ती तार तिच्या नेमल्या स्वराच्या पाच अर्धस्वर वर चढवली, तेव्हा हवा तो मंद्र मिळाला. ताण नेहमीपेक्षा सैल, पण बोटाखाली उभा राहील इतपत. तार कापण्यापूर्वी तिची गुंडाळी उसवू नये म्हणून ती स्क्रूखाली आवळावी लागते, हे त्यांना एक तार वाया घालवून कळले. पहिला पडदा मोठ्या बासवर ४८ मिलिमीटरांवर येतो, येथे २८ वर. लहान वाद्यात जागा कमी, म्हणून चुकीलाही जागा कमी.

माथा गाळण्याची कल्पना अमेरिकेतील नेड स्टाइनबर्गर यांच्या नावाशी जोडली गेली आहे. मूळचे फर्निचरचे रचनाकार असलेल्या या गृहस्थांनी १९८० च्या सुमारास कार्बनच्या तंतूंचे बास पुढे आणले. दांडीच्या टोकाचे ओझे त्यांनी काढून टाकले आणि तारा लावण्याची यंत्रणा घोडीच्या मागे, तळाशी नेली. माथा गेला, ताण मात्र गेला नाही. नोएडातील बाल्कनीत हे सत्य उन्हाळ्यानंतर प्रकट झाले. कीर्तिनगरच्या लाकूडबाजारातून आणलेली, मे महिन्याच्या कोरड्या हवेत रंधलेली दांडी जुलैच्या दमटपणात आणि चार तारांच्या चाळीसेक किलोंच्या ओढीखाली धनुष्यासारखी वाकली. दुसरी दांडी त्यांनी सागवान आणि शिसवाच्या पट्ट्या उलटसुलट रेषांनी चिकटवून केली. ती टिकली.

वाद्य लहान करण्यामागे कधी कधी किती मोठी निकड असते, याचे उदाहरण दिल्लीतच आहे. रिखीराम यांचे वाद्यांचे दुकान १९२० मध्ये लाहोरला सुरू झाले आणि फाळणीनंतर कॅनॉट प्लेसमध्ये आले. त्यांचे नातू संजय शर्मा यांनी वृद्ध रविशंकरांसाठी लहान आकाराची सतार घडवली. खांद्याला मोठ्या सतारीचा भार पेलवेना, पण वादन सोडवेना. रविशंकरांचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ४ नोव्हेंबर २०१२ रोजी झाला, तेव्हा ते ९२ वर्षांचे होते. आकाराचा त्याग तेथे वादन टिकवण्यासाठी होता.

नोएडातील वाद्याला तारा चढल्या तेव्हा एक गोष्ट अनपेक्षितपणे घडली. तार लावण्यासाठी हात सवयीने वर गेला आणि रिकाम्या जागी थांबला. मग तो खाली, घोडीच्या मागे आला. वडीलही खुंटी पिळून झाल्यावर असेच खाली वाकत आणि घोडीखालचा मणी केसभर सरकवून स्वर जुळवीत. तळाकडून स्वर लावण्याची रीत परकी वाटली होती. ती घरातलीच निघाली.

छोट्या ध्वनिवर्धकातून आलेला तो आवाज तंबोऱ्याचा नाही. त्यात जवारी नाही, भोपळ्याची घुमारी नाही, आणि गृहस्थ स्वतःची फसवणूक करून घेत नाहीत. रात्री वाद्य कपाटात ठेवताना ते जाड तार एकदा छेडतात. ती थोडी उतरलेली असते. दार न लावता ते पुन्हा तळाशी हात नेतात.