अर्धा मामा

वाऱ्याशी माझा संबंध आजवर डोक्यावरच्या पंख्यापुरताच होता. बँकेत तेवीस वर्षे तो व्हाउचरे उडवतो आहे आणि मी त्यांवर पेपरवेट ठेवतो आहे. एवढ्या अनुभवावर गाडीच्या वायुगतिशास्त्रात कुणी मला लुडबूड करू देईल, असे स्वप्नातही वाटले नव्हते. पण माणसाला भाचा असला, आणि तो कॅलिफोर्नियात असला, की काहीही होऊ शकते.

या भाच्याने तिकडे एक जुनी मियाटा घेतली आहे. मियाटा म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची उघडझाप छपराची स्पोर्ट्स कार. हे मॉडेल १९८९ साली निघाले. सीटा दोनच. अशी गाडी घेणाऱ्याने लग्नाचा विचार केला असेल, पण मुलांचा नक्कीच नाही, असे आमच्या ताईचे मत. चिरंजीवांनी तिच्या स्प्रिंगा बदलल्या, इंजिनाला हात घातला आणि शनिवार-रविवार ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवू लागले. तिथे एकदा ताशी शंभर मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या वेगात वळताना गाडीची शेपटी 'हलकी' झाली. हे त्याने आईला सांगितले नाही, मामीला सांगितले. मामीला सांगणे म्हणजे काय, हे ज्यांची लग्ने झाली आहेत त्यांना सांगायला नको. तेव्हा त्याने आम्हा उभयतांना तिकिटे पाठवली ती अमेरिका बघायला, आणि ताईने आम्हाला रवाना केले ते गाडी विकायला लावायला.

पहिल्याच शनिवारी त्याने मामीची लोकर मागितली. बिचारीला वाटले, पोराला स्वेटर हवा आहे. त्याने लाल लोकरीचे बोटबोटभर तुकडे केले आणि चिकटपट्टीने गाडीभर लावले. गाडीला गोवर आल्यासारखा दिसू लागला. मग तो ती पळवणार आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून त्याचा मित्र फोटो घेणार. वारा जिथे पत्र्याला धरून वाहतो तिथे लोकर तेल लावून विंचरल्यासारखी चापून बसते. जिथे त्याचा हात सुटतो तिथे ती गरगरते, कधी कधी तर उलटी पुढेच तोंड करते. बॉनेटवर सगळी शिस्त होती. मागच्या काचेखाली आणि डिकीवर मात्र एक तारखेला पेन्शनच्या खिडकीपुढे असते ती परिस्थिती.

"मामा, छपरावरून वारा जोरात जातो, तिथला दाब कमी होतो आणि गाडी वर उचलली जाते. ह्याला लिफ्ट म्हणतात."

आमच्याकडे पगारावर आगाऊ रक्कम घेतात तिला उचल म्हणतात. स्वभाव एकच. घेताना माणूस तरंगतो, वळणावर कळते.

"तुझं वजन किती रे मामा?"

"ब्याऐंशी किलो. का?"

त्याने मला डिकीवर बसवले आणि चाकाजवळच्या मापकावर आकडा पाहिला. मी बसल्याने शेपटी सोळा मिलिमीटर दबली होती. नंतर ट्रॅकवर पाहिले तर ताशी १६० ला वारा तीच शेपटी आठ मिलिमीटर वर उचलत होता. भाच्याने वहीत नोंद केली : मागची लिफ्ट, अर्धा मामा. न्यूटननंतर एकक होण्याचा मान किती जणांना मिळाला असेल, कोण जाणे.

पुढचा हिशेब आणखी भयंकर. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि त्या जोराला तोंड द्यायला इंजिनाची ताकद आठपट लागते. आमच्या चक्रवाढ व्याजालाही इतकी घाई नसते. ताशी ८० ला अर्धपाव मामा उचलला जातो, दोनशेला पाऊण! मी म्हटले, "मग डिकीत वाळूचं पोतं टाक. आम्ही पेपरवेट ठेवतो तसं." तो म्हणाला, "पोत्यालाही वळवावं लागतं, मामा. वजन न वाढवता दाबणारा पेपरवेट हवा."

तो पेपरवेट म्हणजे शेपटीवर उभी केलेली पत्र्याची पट्टी. पोर्शेने १९७२ मध्ये आपल्या कॅरेरा आरएसला असलाच उंचवटा दिला, त्याला लोक बदकाची शेपटी म्हणतात. त्याआधी १९६४ मध्ये कॅरोल शेल्बीच्या उघड्या कोब्राला पीट ब्रॉकने बंद, लांब पाठीचे कवच चढवले आणि त्या गाडीने त्याच वर्षी ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपला वर्ग जिंकला. तिलाही मागे पट्टी लावावी लागली होती.

पट्टी लावली आणि नवाच घोटाळा. मागची शेपटी दाबली की तराजूसारखे नाक वर येते. मागे जमा, पुढे नावे! मग नाकाखाली आडवी फळी बसवून ताळा जुळवला. फळीने ओढ वाढली का हे पाहायला सपाट, रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ११० वरून ९० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. एकदा जाताना, एकदा येताना. स्टॉपवॉच माझ्याकडे होते. जातायेताच्या आकड्यांत फरक आला की भाचा सरळ सरासरी काढी. मला चैन पडेना. फरक कुठून आला हे सापडल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. शेवटी सापडला : त्या दिवशी वारा होता.

पाच शनिवार गेले. लिफ्ट पाव मामावर आली. गाडी विकण्याचा विषय मी काढलाच नाही, आणि रविवारी रात्री ताईचा फोन आला.

"विकली का?"

ताईने तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. तिच्याशी खोटे बोलायची माझी प्राज्ञा नाही. मी सगळे सांगितले, शेपटीचे, वळणाचेही. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

"आता पाव म्हणालास ना? कुठल्या वेगाला?"

"एकशेसाठला."

"म्हणजे ऐंशीला सोळावा हिस्सा. छटाक." ताई म्हणाली, "त्याला सांग, ऐंशीनं चालव. छटाकभर मामा उडाला तर माझी हरकत नाही."