दाराआडच्या दोन सुऱ्या

माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराआड दोन सुऱ्या उभ्या असतात. सुऱ्या म्हणायच्या, पण भाजी चिरायच्या नव्हेत. हातभर लांब लोखंडी दांडा, वर लाकडी मूठ आणि खाली टोकाला उलथन्यासारखं चपटं, धारदार पातं. एकीच्या मुठीवर चिंधी गुंडाळलेली. १९७४ साली लग्न होऊन मी कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला सासरी आले, तेव्हा तिथल्या दाराआड त्या अशाच उभ्या होत्या. केर काढताना मी त्या उचलून कोठीत ठेवल्या. संध्याकाळी सासऱ्यांनी काही न बोलता त्या परत आणल्या आणि एकमेकींना टेकवून जागच्या जागी उभ्या केल्या.

सासऱ्यांना आम्ही तातांग म्हणायचो. इलोकानो भाषेत तातांग म्हणजे वडील. फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोस नोर्तेमधल्या एका खेड्यातून ते १९२९ साली, अठराव्या वर्षी इथे आले. तेव्हा फिलिपिन्सवर अमेरिकेचंच राज्य होतं. त्यामुळे इथे यायला व्हिसा लागत नसे, पण नागरिकही होता येत नसे. थोरला भाऊ दोन वर्षं आधी आला होता, त्यानंच बोटीच्या भाड्याचे पैसे पाठवले. त्याला तातांग 'मनोंग' म्हणत. मनोंग म्हणजे आपल्याकडचा दादा. तातांगच्या तोंडून भावाचं नाव मी कधीच ऐकलं नाही.

त्या सुऱ्या ॲस्परॅगस कापायच्या. स्टॉकटनच्या पश्चिमेला नद्यांच्या खोऱ्यात काळी, भुसभुशीत माती आहे. वाळली की तिची भुकटी उडते आणि अंगाला कमालीची खाज सुटते. म्हणून माणसं भर उन्हातही बाह्या मनगटाशी बांधून आणि तोंडाला रुमाल लावून काम करायची. वसंतात जमिनीतून कोंब वर येतात आणि ऊन तापलं की एका दिवसात पाहता पाहता वाढतात. त्यामुळे कापणी रोजच करावी लागते, तिला रविवार नाही. वाकायचं, पातं मातीत सारायचं, कोंब कापून उचलायचा, पुढचं पाऊल टाकायचं. एका सरीत हे किती वेळा होत असेल, ते तातांगनी कधी मोजलं नाही. मला मात्र त्यांची पाठ पाहिली की तो आकडा दिसायचा.

हंगाम संपला की बरेच जण उन्हाळ्यात अलास्कात मासे डबाबंद करायच्या कारखान्यांत जात. तिथेच १९३३ साली मनोंगच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली. पुढच्या वसंतात ते टोळीत आले खरे, पण मूठ धरवेना. मुठीला चिंधी गुंडाळली ती तेव्हा. सुरी तरीही सटकायची. मुकादमाच्या लक्षात आलं असतं, तर नाव कापलं गेलं असतं. म्हणून तातांगनी शेजारची सरी घेतली. स्वतःचे कोंब कापता कापता ते भावाच्या सरीत हात घालत आणि मनोंग मागून कोंब गोळा करत येत. हे तब्बल पाच हंगाम चाललं. पुढे मनोंग टोळीचे स्वयंपाकी झाले.

हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी मूळची सांगलीकडची. आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मी सासूबाईंना म्हटलं, मग हे दोघं भाऊ म्हणजे एक सुरी. त्यांना तो शब्द इतका आवडला, की पुढे पाहुण्यांना ओळख करून देताना त्या तेच सांगायच्या.

बायको करून संसार थाटायला तेव्हा वाव कुठे होता? फिलिपिन्सहून आलेले बहुतेक सगळे तरुण पुरुष. हॉटेलांच्या दारांवर फिलिपिनोंना सक्त मनाई असल्याच्या पाट्या. १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिलला गोऱ्यांच्या झुंडींनी फिलिपिनोंना घरात शिरून मारलं, त्यात बावीस वर्षांचा फर्मिन तोबेरा गोळी लागून मेला. १९३३ साली कॅलिफोर्नियानं कायदा बदलून फिलिपिनो पुरुषांना गोऱ्या बायकांशी लग्न करायची बंदी घातली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं अशी बंदी १९४८ साली मोडीत काढली, तेव्हा मनोंग बेचाळीस वर्षांचे होते. तातांग १९४२ साली फर्स्ट फिलिपिनो इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये भरती झाले, न्यू गिनीहून फिलिपिन्सला पोचले आणि युद्ध संपल्यावर लग्न करून सासूबाईंना घेऊन आले. हातामुळे मनोंगना सैन्यानं घेतलंच नाही. त्या चार वर्षांत गावी धाकट्या बहिणींच्या शिक्षणाचे पैसे एकटे मनोंग बाजूला टाकत राहिले. युद्धात टपाल बंद होतं, तरी टाकत राहिले. १९४५ साली सगळे एकदम पाठवले. दोघी बहिणी पुढे शिक्षिका झाल्या.

मनोंग राहायचे स्टॉकटनच्या 'लिटल मनिला'त, एल डोराडो रस्त्यावरच्या हॉटेलात, खाट आणि वॉशबेसिन एवढ्याच खोलीत. तातांग दर रविवारी मुगाच्या आमटीचा डबा घेऊन तिथे जायचे. मग शहरातून महामार्ग काढायचं ठरलं आणि त्या वस्तीतल्या इमारती भराभर पाडल्या गेल्या. वस्तीत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांना कुठे जाणार, हे कुणी विचारलं नाही. तातांग ट्रक घेऊन गेले आणि भावाला घरी घेऊन आले. दोन सुऱ्या दाराआड एकत्र आल्या त्या त्या दिवसापासून.

मी आले तेव्हा तातांग त्रेसष्ट वर्षांचे होते आणि तरीही शेतावर जात होते. पहाटे तीनला उठायचे. स्वतः निघण्याआधी मनोंगच्या उशाशी झाकण लावलेला कॉफीचा पेला ठेवायचे. त्या घरात ते एवढं नित्याचं होतं, की कुणी त्याचा कधी उल्लेखही करत नसे. मी नवी म्हणून मला दिसलं.

१९७६ साली मला मुलगी झाली. सासूबाई मला कोंबडीच्या सुपात मरुंगाय घालून द्यायच्या. मरुंगाय म्हणजे आपल्या शेवग्याचा पाला. दूध यावं म्हणून. त्याच कारणासाठी माझ्या आईनं सांगलीहून शतावरी कल्पाचा डबा पाठवला. मी तातांगना म्हटलं, ही तुमच्या ॲस्परॅगसची बहीण आहे, आम्ही हिची मुळं वापरतो.

"मुळं?" तातांग चमकले. "अनाक (म्हणजे लेकरा), आम्ही मुळाला नुसता धक्का लावला असता, तर मुकादमानं हाकलून दिलं असतं." एका गड्ड्यातून पंधरा-वीस वर्षं कोंब येतात, शेजारचा न उगवलेला कोंब दुखावू न देता हवा तोच कापायचा, हीच त्यातली कारागिरी, हे त्यांनी मला त्या दिवशी हाताची बोटं उभी करून दाखवलं. मागे खुर्चीवर बसलेल्या मनोंगनी आपला तीन बोटांचा पंजा वर केला आणि दोघंही मोठ्यानं हसले. मी त्या घरात तसं हसू पहिल्यांदाच ऐकलं. नंतर मनोंगनी दुधात चमचाभर कल्प मागून घेतला. आवडला त्यांना. डबा संपेपर्यंत आम्ही दोघं तो वाटून घेत होतो.

मनोंग १९७९ साली गेले. तातांग तेव्हा शेतावर जायचे थांबले होते. तरी पुढच्या फेब्रुवारीत, कापणीचा हंगाम जवळ आला तसे, ते कानस घेऊन मागच्या पायरीवर बसले. आधी एक सुरी, मग दुसरी. मी खिडकीतून पाहत होते. चिंधीवाल्या सुरीला त्यांनी जास्त वेळ दिला. त्यानंतर दर फेब्रुवारीत हे झालं, १९८८ साली ते गेले तोपर्यंत.

सुऱ्या माझ्या नवऱ्यानं मला दिल्या. त्याला त्या पाहवत नव्हत्या. तेव्हा मी त्या प्रथमच शेजारी शेजारी ठेवून नीट पाहिल्या. तातांगची सुरी मनोंगच्या सुरीपेक्षा कितीतरी वर्षं जास्त राबलेली, तिचं पातं जास्त झिजलेलं असायला हवं. पण दोन्ही पाती सारखीच अरुंद झाली आहेत, बोटभर.

कानस अजून त्याच डब्यात आहे. फेब्रुवारीत मी पायरीवर बसते. चिंधी फार जीर्ण झाली होती, म्हणून चार वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या इरकलीचा काठ तिच्यावरून गुंडाळला. आतली चिंधी तशीच ठेवली आहे.