नुसतंच 'टक्'!

'गाडी सुरू होत नाहीये' हे वाक्य 'बरं वाटत नाहीये' इतकंच मोघम आहे. त्यावर कुठला डॉक्टर फोनवरून ऑपरेशन सांगणार नाही. गॅरेजवाला मात्र सांगतो!

नागावला माझा आतेभाऊ राहतो. अलिबागच्या पुढे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधलं गाव. दादाकडे दोन एटीव्ही आहेत. त्याच त्या, चार गुबगुबीत चाकांच्या बाईक्स, ज्यांच्यावर बसून वीकेण्डची मुंबई-पुण्याची पब्लिक किनाऱ्यावर किंचाळत असते. सेकंडहॅण्ड घेतलेल्या, एक सिलिंडरचं इंजिन, वय दहाच्या पुढे. पावसाळ्यात धंदा बंदच, म्हणून चार महिने दोन्ही ताडपत्रीखाली. दिवाळीच्या आठवडाभर आधी ताडपत्री काढली, तर मोठी गाडी ठप्प. सेल्फचं बटण दाबलं की नुसतंच टक्. पुन्हा दाबा, पुन्हा टक्.

दिवाळी ते थर्टीफर्स्ट एवढ्याच दिवसांवर दादाचं अर्धं वर्ष चालतं. वर पतपेढीचा हप्ता. गॅरेजवाल्याने गाडी न बघताच निकाल दिला, "सेल्फची मोटर गेली. रिलेपण बदलून टाकू." साडेसहा हजार रुपये, आणि पार्ट यायला दहा दिवस. दुसरीकडे एक गिऱ्हाईक भंगाराच्या भावात, पंधरा हजारांत गाडी उचलायला टपलेलं. आत्याचा फोन आला, "देऊन टाकतोय गं तो. म्हणतो, भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला लागतो. तू समजाव जरा."

समजावणं मला जमत नाही. मी बाबांचा मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि शुक्रवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडली. बाबा इलेक्ट्रिशियन होते. माझ्या वाट्याला आलेली त्यांची एकुलती एक इस्टेट म्हणजे हा पिवळा डबा.

वाडीत चार-पाच एक्स्पर्ट आधीच जमले होते. प्रत्येकाचं निदान वेगळं, कॉन्फिडन्स मात्र सेम. (आपल्या मंडे मीटिंगची आठवण झाली ना?) "ताई, तुम्ही बसा, सरबत घ्या," असंही सांगून झालं. सरबत घेतलं, कोकमाचं होतं, झकास होतं. मग दहाचा पाना मागितला.

मासकॉमला पहिल्याच आठवड्यात शिकवतात : कोण, काय, कुठे, कधी, का. आम्ही सगळे 'का'वर उडी मारतो, कारण 'का'ला ग्लॅमर आहे. बंद गाडीला आधी 'कुठे' विचारायचं असतं. करंट नेमका कुठे अडतोय?

फण्डा सोपा आहे. बटण दाबलं की बारीक वायरीतून थोडासा करंट रिलेला जातो. रिले आतला मोठा स्विच जोडतो आणि मग बॅटरीचा सगळा जोर जाड केबलमधून सेल्फच्या मोटरला मिळतो. तो 'टक्' म्हणजे रिलेने हाक ऐकल्याचा आवाज. म्हणजे चावी, किल स्विच, ब्रेकचा स्विच, न्यूट्रल, सगळे निर्दोष. तो टक्सुद्धा आला नसता, तर शोध याच लोकांपासून सुरू केला असता.

बॅटरी दादाने रात्रभर चार्ज करून ठेवली होती. मीटरवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पोट भरलेलं. पण नुसत्या बसलेल्या बॅटरीवर विश्वास ठेवू नये, काम सांगून बघावं. दादाने बटण दाबलं, मी काटे टर्मिनलवर धरले. बॅटरी दमलेली असती तर आकडा धाडकन नऊच्या खाली आला असता. इथे तो १२.५ वरच! मोटर करंट खातच नव्हती. एक्स्पर्टांपैकी एक लगेच म्हणाला, "म्हणजे मोटरच गेली ना!" असेलही. पण मोटरपर्यंत रस्ता नीट आहे का, हे कोणी पाहिलं होतं?

मीटरचा एक काटा बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. बटण दाबलं की इथे जेमतेम अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला अकरा! बॅटरी आणि इंजिन यांचं नातंच तुटलेलं. अर्थिंगची केबल वरून ठणठणीत दिसत होती. रबर सोललं तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. खारी हवा दिसत नाही, पण केबलच्या आत चालत जाते.

नवी जाड केबल, दोन लग्ज, बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने खरडून काढला. खर्च २२० रुपये. बटण दाबलं आणि मोटर अशी गरगरली की झोपलेला मोती भुंकायला लागला.

...पण इंजिन काही पेटेना.

दादाचा चेहरा पडला. "बघ, मी सांगितलं नव्हतं? संपलीय ती." मला वाटतं, जुन्या गाड्या भंगारात जातात त्या याच वळणावर. पहिला आजार बरा झाला आणि दुसरा दिसला, की माणसाला वाटतं काहीच बरं झालेलं नाही. पण हा वेगळा प्रश्न होता. आधी इंजिन फिरत नव्हतं, आता फिरत होतं.

प्लग काढला, कॅप लावून इंजिनला टेकवला, पेट्रोलपासून लांब. सेल्फ मारला, निळी ठिणगी खटाखट. भोकावर अंगठा ठेवला तर हवेने तो ढकलून दिला, म्हणजे ढोबळमानाने कॉम्प्रेशनही होतं. मात्र इतका सेल्फ मारूनही प्लग कोरडा ठणठणीत. पेट्रोल पोचतच नव्हतं. (सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मग मिनिटभर थांबा. नाहीतर खरंच साडेसहा हजार जातील.)

कार्बोरेटरची वाटी उघडली आणि आत चहाच्या रंगाचा चिकट गाळ, तळाशी पाण्याचे थेंब. २०२५ पासून पंपावर मिळतं ते बहुतेक ई-२०, त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातला पावसाळा म्हणजे त्याला मेजवानीच. पायलट जेटचं सुईएवढं भोक पार बुजलेलं. दादा टाचणी घेऊन आला होता, ती परत पाठवली. पितळेचं भोक टाचणीने मोठं होतं. क्लीनरचा फवारा, वायरीतली तांब्याची एक तार, टाकीत ताजं पेट्रोल, आणि चोक ओढून सेल्फ.

शनिवारी संध्याकाळी सातला गाडी धडधडली. आत्या देवघरातून थेट पडवीत.

दादा बराच वेळ काही बोलला नाही, नुसताच ॲक्सिलरेटर फिरवत राहिला. मग मला वही घेऊन बसवलं. पावसाळ्याआधी कार्बोरेटर रिकामा करायचा, बॅटरी काढून घरात ठेवायची, महिन्यातून एकदा चार्ज. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची, पण प्रेशरने नाही. टर्मिनलला पेट्रोलियम जेली. सगळं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

रात्री गिऱ्हाइकाचा फोन आला. "नाय भाऊ, यंदा नाय," दादा म्हणाला. भिवंडीचं त्याने काढलं नाही, मीही विचारलं नाही.

छोट्या गाडीचा रिव्हर्स अजून पडत नाही. पण ते गिअरबॉक्सचं प्रकरण आहे, तिथे बाबांचा डबा चालत नाही.