हृदयावरील शस्त्र आणि मनाचा भ्रम

हृदय हे चेतनेचे स्थान होय, असे आमचे प्राचीन वैद्य मानीत. अर्वाचीन शास्त्राने तो मान मेंदूस दिला. तथापि हृदयावर शस्त्र चालले असता मनही डळमळते, हा अनुभव आता घरोघरी येऊ लागला आहे. १९६८ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले, तेव्हा रोगी काही तासच जगला. २०१५ साली पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात यशस्वीपणे बसविले गेले. बायपास तर आता नित्याचीच झाली आहे.

घाटकोपरच्या आमच्या एका वृद्ध स्नेह्यांची बायपास निर्विघ्न पार पडली. तिसऱ्या रात्री मात्र ते सुनेस म्हणाले, "तू माझ्या औषधात विष कालवतेस!" चार दिवसांत भ्रम ओसरला, सुनेच्या मनातील शल्य ओसरले नाही. 'पोटात होते तेच ओठावर आले,' असे घरातील काहींनी म्हटले.

आम्हांस हा तर्क सर्वथा अन्यायाचा वाटतो. महाधमनी हाताळताना सुटलेले सूक्ष्म कण मेंदूकडे जाऊ शकतात. रक्तदाबाचे चढउतार, शरीरातील दाह, गुंगीची व वेदनाशामक औषधे आणि निद्रानाश यांची त्यात भर पडते. हा मेंदूचा क्षोभ होय, अंतःकरणाची साक्ष नव्हे. तापात बरळणाऱ्या मुलाचे बोल आपण कधी मनात ठेवितो काय?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २००१ सालच्या अभ्यासात, बायपासनंतर घरी जाताना शेकडा ५३ रोग्यांची स्मरण-विचारशक्ती मंदावलेली आढळली. सहा महिन्यांनी हे प्रमाण शेकडा २४ वर आले. पाच वर्षांनी ते पुन्हा ४२ झाले खरे, परंतु त्यात वय व रक्तवाहिन्यांचे जुने विकार यांचाही वाटा असतो, असे पुढील संशोधन सांगते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच सर्व कुटुंबीयांस ही शक्यता सांगून ठेवावी. रोग्यास चष्मा, कानाचे यंत्र व घड्याळ जवळ द्यावे. परिचित माणसाने शांतपणे स्थळकाळाची आठवण करून द्यावी. वाद घालू नये. भ्रम दिसताच डॉक्टरांच्या कानी घालावे. मात्र तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, वाणी अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत; तेथे क्षणाचाही विलंब नको.

आणि रोगी बरा झाल्यावर त्या रात्रीचे बोल थट्टेनेही उच्चारू नयेत. जे त्याने जाणून बोललेच नाही, त्याचा जाब त्यास कोणत्या न्यायाने विचारावा?