नाताळातले माझे सिनेमे

डिसेंबरात बेळगावची थंडी हाडापर्यंत जाते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत अंथऊ करायची रीत, त्यामुळे सहा-सव्वासहाला स्वयंपाकघर झाकलं की झोपेपर्यंतची संध्याकाळ लांबच लांब पसरलेली असते. दिवाळी होऊन गेलेली, पर्युषण तर कधीच मागे पडलेलं. कॅम्पातल्या घरांवर कागदी चांदण्या लागतात. शेजारच्या गोव्याच्या बाई नेवऱ्या आणि दोदोल पाठवतात. बेबिंका मात्र कधी पाठवत नाहीत. त्यात अंडं असतं आणि आपल्याला ते चालत नाही, हे त्यांना न सांगता ठाऊक आहे. अशा दिवसांत मी माझे नाताळचे सिनेमे बघायला काढते.

‘जैनाच्या घरात नाताळचे सिनेमे कशाला गं?’ असं बस्तीतल्या एका मावशींनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, ‘मावशी, एकदा येऊन बघा तर. त्यात चर्च थोडं आणि घर जास्त असतं. कर्ज, भाकरी, भाऊबंदकी, रुसवे-फुगवे, सगळं आपलंच.’

सुरुवात नेहमी ‘लिटल विमेन’ने. लुईसा मे अल्कॉटच्या या कादंबरीचा पहिला भाग १८६८ साली आला आणि शांता शेळक्यांनी तिला मराठीत ‘चौघीजणी’ केलं. कॉलेजात असताना ते पुस्तक उशाशी घेऊन झोपणाऱ्या कितीजणी तुमच्यात असतील! सिनेमे तर अनेक निघाले. मला १९९४ चा गिलियन आर्मस्ट्राँग यांचा आवडतो, मुलीला २०१९ चा ग्रेटा गर्विग यांचा. दोन्ही बायकांनीच केलेले. नाताळच्या सकाळी मार्चबाईंच्या चार मुली टेबलावरचा नाश्ता उचलून उपाशी हमेल कुटुंबाकडे घेऊन जातात, तो प्रसंग बघताना मला आपलं आहारदान आठवतं. प्रवचनात आपण चार दानं ऐकतो, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पण आपण बहुतेक वेळा देतो ते उरलेलं. या मुलींनी घास तोंडात जायच्या आधीचं दिलं. शिवाय ते दान त्यांना स्वस्तातही पडलं नाही. त्याच घरातल्या आजारी बाळाची सेवा करताना बेथला लाल ताप लागतो आणि त्यातून ती कधीच पुरती सावरत नाही. दान दिलं की पुण्य खात्यावर जमा, असा सरळ हिशोब अल्कॉटबाईंनी मांडला नाही, म्हणून मला त्या खऱ्या वाटतात.

‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ मी नातवंडांसाठी लावते. १९४७ चा, कृष्णधवल. आपणच खरे सांता असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यावर कोर्टात खटला चालतो आणि टपालखात्याच्या पत्रांच्या पोत्यांमुळे तो सुटतो. गोड आहे, हसू येतं, संपला की विसरायला होतो.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ मात्र विसरता येत नाही. फ्रँक काप्राचा १९४६ चा सिनेमा. तेव्हा तो फारसा चालला नाही. पुढे १९७४ मध्ये त्याच्या हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, अमेरिकेतली टीव्ही केंद्रं तो फुकटात दर नाताळला दाखवू लागली आणि पडलेला सिनेमा घराघरातला झाला. जॉर्ज बेली हा एका लहान गावातली, लोकांना घरासाठी कर्ज देणारी संस्था चालवतो. आपल्याकडच्या पतसंस्थेसारखीच म्हणा ना. एक दिवस लोक ठेवी काढायला दारात गर्दी करतात. तो त्यांना समजावतो की तुमचे पैसे इथं तिजोरीत नाहीत, ते तुमच्याच शेजाऱ्यांच्या घरांत गुंतलेत. आपल्या भागात ज्यांनी पतसंस्थेच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभं राहून पाहिलंय, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

पण माझं लक्ष जॉर्जच्या बायकोकडे असतं. तो त्यांच्या लग्नाचाच दिवस. मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर मेरी स्वतःहून पुढे करते आणि त्यावर संस्था तरते. शेवटी आठ हजार डॉलर हरवतात, जॉर्ज पुलावर जीव द्यायला जातो, तेव्हा गावभर फिरून माणसं जमवते तीसुद्धा मेरीच. देवदूत आला तो जॉर्जला समजवायला; पैसे जमवायला बायकोच लागली! एका गोष्टीवरून मात्र दरवर्षी माझं काप्रासाहेबांशी भांडण होतं. जॉर्ज जन्मलाच नसता तर मेरीचं काय झालं असतं, तर म्हणे लग्न न झालेली, चष्मा लावून लायब्ररीत काम करणारी बाई. आणि हे मोठं संकट म्हणून दाखवलंय! मी बी. ए. झाले तेव्हा लायब्ररीतली नोकरी मला कुणी दिली असती तर मी आनंदाने चष्मा लावून गेले असते.

शेवटचा ‘होम अलोन’, १९९० चा. घरची सगळी पॅरिसला निघतात आणि आठ वर्षांचा केविन घरीच राहतो. पोरं चोरांच्या फजितीवर हसतात, मी त्याच्या आईकडे बघते. घड्याळ, कानातलं देऊ करून ती विमानातली जागा मिळवते, शेवटी एका बँडवाल्यांच्या गाडीतून रात्रभर धक्के खात शिकागोला पोचते. आणि बाकीचं कुटुंब सकाळचं सरळ विमान पकडून तिच्यामागे काही मिनिटांत दारात हजर! आमच्या घरातल्या सगळ्या बायका इथं एकमेकींकडे बघून हसतात.

या सिनेमात शेजारचा एक म्हातारा आहे, मार्ली. मुलाशी भांडण झालेलं, बरीच वर्षं बोलणं नाही. चर्चमध्ये लांब बसून तो नातीचं गाणं ऐकतो. केविन त्याला सुचवतो, मुलाला फोन करा की. म्हाताऱ्याला भीती वाटते, तो बोललाच नाही तर?

सासूबाईंना इंग्रजी येत नाही, मी बाजूला बसून सांगत जाते. आमच्या घरात वाटणी होऊन अकरा वर्षं झाली. मधे भिंत आली, आणि हे व भाऊजी तेव्हापासून बोलत नाहीत. आम्ही जावा बस्तीत भेटतो, एकमेकींच्या डब्यातून भाजी जाते-येते. दर भाद्रपदात क्षमावाणीला यांच्या मोबाईलवरून दोनशे लोकांना ‘उत्तम क्षमा’ जाते. ज्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोललोही नाही, त्या सगळ्यांची क्षमा मागून होते. एक नंबर तेवढा राहतो. भिंतीपलीकडेही तेच चालत असणार.

गेल्या वर्षी मार्लीचा तो प्रसंग चालला होता. हे कोपऱ्यात पेपर धरून बसले होते, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्याशा पोराला कळतंय बघ.’ कुणाला म्हणाल्या ते बोलल्या नाहीत. ह्यांनी पेपर खाली ठेवला, उठून आत गेले, आणि शेवटाला परत येऊन दारात उभे राहिले. पडद्यावर मार्ली नातीला उचलून घेत होता.

मार्ली मुलाला काय बोलला, आधी कोण रडलं, हे सिनेमात दाखवलेलं नाही. खिडकीतून फक्त ती भेट दिसते. मला वाटतं ते बरंच केलं. पहिलं वाक्य ज्याचं त्यालाच शोधावं लागतं, ते बाहेरच्यानं लिहून देऊन चालत नाही.

यंदा सासूबाई शहाऐंशीच्या झाल्या. दोन्ही लेक एका पाटावर बसलेले बघायचेत, एवढंच त्यांचं मागणं. मी जावेला सांगून ठेवलंय, चोवीस तारखेला भाऊजींना संध्याकाळी घरी ठेव, आणि अंथऊ झाली की आईंना भेटायला म्हणून इकडे पाठव. सिनेमा कोणता लावायचा ते मी ठरवलं आहे.