दोन काटे, एक खातं

गाळप हंगाम भरात आला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी. कारखाना कुठलाही असो, वजनकाटा थांबत नाही. काट्यावरच्या नोंदींचे डेटाबेस बांधणं हे माझं काम. त्याचा खरा कस लागतो तो दोन नोंदी एकदम येतात तेव्हा.

समजा, एकाच शेतकऱ्याच्या दोन खेपा दोन काट्यांवर उभ्या आहेत. खात्यावर 40 टन. दोन्ही काट्यांनी 40 वाचले. एकाने 12 मिळवून 52 लिहिले, दुसऱ्याने 15 मिळवून 55. व्हायला हवे होते 67. बारा टन ऊस हरवला आणि पडद्यावर एकही चूक दिसली नाही.

म्हणून बेरीज प्रोग्रॅममध्ये करू नये. ‘आहे त्यात 12 मिळव’ असं डेटाबेसलाच सांगावं. मग तो ती ओळ अडवून धरतो, दुसरा काटा थांबतो आणि ताज्या आकड्यात भर घालतो. आधी वाचून काही ठरवायचंच असेल, तर वाचतानाच ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ओळ धरावी. माझा कल मात्र प्रत्येक खेपेची वेगळी ओळ ठेवण्याकडे असतो. पुसून लिहिलेला एकूण आकडा स्वतःचा हिशेब देऊ शकत नाही; खेपेची ओळ शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीशी ताडून पाहता येते.

नव्या नोंदीचा धोका वेगळा. नेटवर्क रेंगाळलं की काटेवाला पुन्हा बटण दाबतो. ‘ही पावती आहे का?’ असं आधी विचारून भागत नाही, कारण दोन्ही वेळच्या विनंत्यांना एकाच वेळी ‘नाही’ असं उत्तर मिळू शकतं. हंगाम आणि पावती क्रमांक यांची जोडी एकदाच येईल, हे बंधन तक्त्यावरच हवं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 2016 च्या 9.5 आवृत्तीपासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ आहे. दुसरी नोंद त्याने सहज गाळता येते. पण पावती तीच आणि वजन वेगळं असेल, तर ती गुपचूप गाळू नये, माणसासमोर आणावी.

शेतकरी आणि वाहतूकदार, दोघांची खाती एकाच व्यवहारात बदलायची असतील, तर ती नेहमी एकाच क्रमाने धरावीत. नाहीतर दोन व्यवहार एकमेकांची वाट पाहत अडकतात.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि ते ठरतात याच वजनावर. शेतकऱ्याला काटा दिसतो, डेटाबेस दिसत नाही. म्हणूनच त्याच्या टनांची राखण कुणाच्या रात्रपाळीतल्या सावधपणावर सोडू नये. ती तक्त्याच्या नियमांतच असावी.